पातं मधोमध नाही: एका कस्टम फोल्डिंग चाकूची तपासणी

कारागीर अमेरिकेतला, एकट्याने काम करणारा. चाकू लायनर लॉकचा, म्हणजे उघडलेलं पातं मुठीच्या आतली पट्टीच अडवून धरते तसा. सीपीएम १५४ पोलादाचं ८२ मिमी लांब पातं, हॉलो ग्राइंड (बाजू खोलगट घासलेल्या), वर हाताने घासून आणलेलं सॅटिन फिनिश. आत ग्रेड ५ टायटॅनियमचे दोन लायनर (मुठीच्या आतल्या पट्ट्या), पुढे टायटॅनियमचेच बोल्स्टर (मुठीच्या तोंडाशी धातूचे तुकडे), मागे काळ्या अक्रोडाच्या फळ्या, पातं ज्याभोवती फिरतं त्या पिव्होटला फॉस्फर ब्राँझचे वॉशर. किंमत ८५० डॉलर. ऑर्डर दिल्यावर वर्षाहून जास्त थांबून हा चाकू मिनियापोलिसला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या हातात डिसेंबरात पडला, आणि लगेच त्याचा फोन आला, "मामा, पातं मधोमध बसत नाहीये रे. परत पाठवू का?"

असल्या गोष्टीचा निकाल फोनवर लागत नाही. कारागिराने कामातल्या दोषांची जबाबदारी मूळ मालकासाठी कायमची घेतलेली होती, म्हणून घाईही नव्हती. गणपतीला भाचा पुण्याला आला तेव्हा चेक-इन बॅगेत घालून चाकू घेऊन आला. माझी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये झाली, त्यातली बरीच वर्षं इन्स्पेक्शनला. चाकू बनवणं हा माझा धंदा नाही, पण दोन पार्ट एकमेकांना कसे बसलेत हे बघण्यातच हयात गेली.

भाच्याने तक्रारींची यादी करून आणली होती, फोटोंसकट. मिटल्यावर पातं एका बाजूला झुकतं. हॉलो ग्राइंडची वरची रेघ दोन्ही बाजूंना सारखी नाही. पात्याच्या बुडावर, म्हणजे टँगवर, एक कमानीसारखा ओरखडा आहे. लायनरची कड मुठीच्या काठाला बोचते. एक स्क्रू वर आलाय. धारेच्या मागच्या टोकाशी दोन-तीन आडवे चरे आहेत. आणि यादीच्या शेवटी, तक्रार म्हणून नव्हे तर कौतुकाने, "लॉक मात्र जबरदस्त. सोडवताना अंगठा दुखतो."

यादीतली मला सगळ्यात न आवडलेली ओळ तीच होती.

ड्रॉइंग नसलेला पार्ट

कारखान्यात पार्ट पास की फेल हे ठरवायला ड्रॉइंग असतं. २५ मिमी, अधिक-उणे ०.०२. वाद संपला. कस्टम चाकूला ड्रॉइंग नसतं; असलंच तर कारागिराच्या डोक्यात. मग ताडून बघायचं कशाशी? काहीजण सरळ मशीनमेड चाकूशी ताडतात. सीएनसीवर निघालेल्या, याच्या पाव किमतीच्या चाकूचं पातं आज बहुतेक वेळा बरोब्बर मधोमध असतं आणि आपले डोळे त्यालाच सरावलेत. उलट काही कारागीर कुठल्याही तक्रारीवर "हातकाम आहे" एवढंच उत्तर देतात. मला दोन्ही पटत नाही. सॅटिन फिनिशच्या रेषेत, मुठीच्या गोलाईत, कडा मारण्यात हाताची खूण दिसली तर मी खुश होईन. पण जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकून वजन घेतात तिथे हातकाम ही सबब चालत नाही. तिथे बसलंय किंवा बसलेलं नाही, दोनच गोष्टी.

म्हणून प्रत्येक दोषाला मी तेच प्रश्न विचारत गेलो: यामुळे बोट कापेल का, वापराने हा दोष वाढत जाईल का, विकताना हा सांगितला होता की लपवला होता, आणि दुरुस्त करायला गेलं तर काय मोडावं लागेल. कंपनीत आम्ही क्रिटिकल, मेजर, मायनर म्हणायचो, ते याच हिशेबाने. दोष डोळ्यात किती खुपतो हा प्रश्न त्यात नव्हता.

पातं का झुकलं

चाकू मिटून, पाठ खाली आणि उघडी बाजू वर धरून आधी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पोलादी पानं, घातली. दोन लायनरमधलं अंतर ४.१ मिमी. पात्याची जाडी ३.१. म्हणजे दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिमी मोकळं राहायला हवं. टोकाजवळ पुढच्या (दर्शनी, लॉकच्या समोरच्या) बाजूला ०.२ आणि लॉकच्या बाजूला ०.८ निघालं. तक्रार खरी होती, पातं ०.३ मिमी सरकलेलं होतं.

लायनर लॉकमध्ये असं झालं की पहिला संशय डिटेंट बॉलवर जातो. चाकू मिटलेला असताना लॉकचा लायनर आपल्या ताणाने दीडेक मिमीची एक गोळी पात्याच्या बुडातल्या खळगीत दाबून धरतो. पातं खिशात आपोआप उघडत नाही ते तिच्यामुळे. हा दाब एकाच बाजूने असतो, त्यामुळे पिव्होट थोडा सैल असला तर पातं विरुद्ध बाजूला कलतं. इथेही पातं लॉकपासून लांबच गेलेलं होतं, म्हणजे संशयाला जागा होती. लायनर नखाने बाहेर ओढून धरला, गोळी खळगीतून सुटली, आणि परत गेज घातली. ०.२ आणि ०.८ तसंच. पिव्होट पाव फेरा आवळून बघितला, पातं जड चालायला लागलं पण जागचं हललं नाही. गोळीचा दोष नाही, स्क्रूचाही नाही.

पुढचं खोलल्याशिवाय कळणार नव्हतं. कस्टम चाकू कारागिराला न विचारता खोलू नये; बरेच कारागीर त्यानंतर जबाबदारी घेत नाहीत, आणि त्यांचं चूक म्हणता येत नाही. भाच्याने मेल टाकला, दुसऱ्या दिवशी होकार आला. स्क्रू अमेरिकन २-५६ चे, म्हणजे इंचाला ५६ आटे, व्यास २.२ मिमीच्या आसपास. याचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आमच्याकडच्या दुकानात सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे आटा गेला तर पंचाईत. स्क्रूला लॉकटाइट, म्हणजे आटे सुटू न देणारा गोंद, होता. टॉर्क्सच्या बिटाला सोल्डरिंग आयर्नने थोडी ऊब दिली आणि मग सोडवले.

पातं सुटं झाल्यावर बुडाचा सपाट भाग सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजणीच्या अगदी सपाट पाटावर, दाबून धरला. लॉकची बाजू खाली ठेवली तर टोकाखालून ०.३ मिमीचं पान सहज सरकलं. उलटून पुढची बाजू खाली ठेवली तर बूड आणि टोक टेकलेले आणि मधून उजेड. म्हणजे पातं वाकलेलं, किंचित धनुष्याकार. आणि वाक तेवढाच, ०.३. पिव्होटचं भोक काटकोनात आहे, वॉशर सारख्या जाडीचे आहेत, लायनर समांतर आहेत. सगळा फरक एकट्या पात्यातला.

हे घडतं हार्डनिंगच्या वेळी. सीपीएम १५४ साधारण १०६५ अंश सेल्सिअसला तापवून ॲल्युमिनियमच्या दोन जाड प्लेटींमध्ये दाबून थंड करतात. प्लेटींचं काम दुहेरी, उष्णता खेचून घेणं आणि पातं सरळ धरणं. एक बाजू आधी टेकली, दुसरी क्षणभर उशिरा, किंवा हार्डनिंगआधीच एका बाजूचं ग्राइंडिंग जास्त झालेलं असलं, की पातं वाकतं. त्यानंतर टेम्परिंगच्या (पुन्हा कमी तापवण्याच्या) वेळी क्लँप लावून, मधे पत्र्याची शिम देऊन ते बरंचसं सरळ करता येतं. या कारागिराने तसं केलं असावं आणि शेवटचे ०.३ राहून गेले असावेत.

आता यादीतली दुसरी तक्रार आपोआप उलगडते. वाकलेलं पातं बेल्टला लावलं की फुगीर बाजूचा मधला भाग आधी आणि जास्त घासला जातो. म्हणून लॉकच्या बाजूला ग्राइंडची रेघ मधे जवळजवळ एक मिमी वर चढली होती आणि पुढच्या बाजूला सरळ होती. धारही थोडी एका अंगाला गेलेली. भाच्याने दोन दोष मोजले होते, मूळ एकच. कारागिराने पाठवलेल्या फोटोंत सगळीकडे पुढची बाजूच होती, हेही नोंदवून ठेवलं. त्यात लबाडी असेलच असं नाही, चाकूचा फोटो त्याच बाजूने काढायची पद्धत आहे.

मग हा दोष केवढा? धारेच्या लगेच मागची जाडी मायक्रोमीटरने बघितली: बुडाशी ०.४२, टोकाशी ०.५. हाताने ग्राइंड केलेल्या पात्याला हे चांगलंच म्हणायचं. कागद, दोरी, पुठ्ठा, सफरचंद, कशातही ०.३ मिमीचा वाक हाताला कळत नाही. तो वाढणारही नाही, कारण रॉकवेल सी (कडकपणाचं माप) ६० च्या आसपास कडक झालेलं पातं खिशात आणखी वाकत नसतं. पातं लायनरला घासतंय का ते भिंगाने बघितलं. आतल्या बाजूला एकही चकाकती रेघ नाही. दुरुस्ती मात्र महागाची. कार्बाइडच्या टोकाच्या हातोडीने आतल्या, खोलगट बाजूला बारीक ठोके देऊन कडक पातंही सरळ करता येतं, पण त्याचे टिंब पडतात, ते घालवायला परत ग्राइंडिंग आलं, परत फिनिश आलं, आणि पातं आणखी पातळ होणार. खरी दुरुस्ती म्हणजे नवं पातं. मायनर, असं मी लिहिलं. भाच्याला ते आवडलं नाही.

खोट नसलेल्या दोन गोष्टी

टँगवरचा कमानीसारखा ओरखडा हा गोळीचा मार्ग. पातं उघडताना गोळी खळगीतून निघून बुडावरून घसरत जाते आणि तिथे रेघ पडते. लायनर लॉकच्या कुठल्याही चाकूवर ती दिसणारच. नखाला लागत नसेल तर विषय संपला. इथे लागत नव्हती.

लायनरची बोचणारी कड ही जास्त मजेची गोष्ट. भाच्याने जानेवारीत काढलेल्या फोटोत टायटॅनियमची कड लाकडाच्या वर आलेली स्पष्ट दिसते. पुण्यात मी बोट फिरवलं तर उलटंच: लाकूड टायटॅनियमच्या वर, नख लाकडाला अडतं. तो चक्रावला, पण यात नवल काही नाही. पावसाळ्यात दार फुगतं तेच हे. अक्रोडातला ओलावा १ टक्क्याने बदलला की तंतूंना आडव्या दिशेत साधारण पाव टक्का फरक पडतो. मिनियापोलिसच्या हिवाळ्यात घरं दिवसरात्र हीटिंगवर, हवा कोरडी ठक्क. पुण्यात भाद्रपदात भिंतींनाही ओल. ओलाव्यात ४ टक्क्यांचा फरक धरला तर २४ मिमी उंचीच्या फळीत पाव मिमीच्या जवळपास बदल होतो, दोन्ही काठांना अर्धा-अर्धा. जाड कागदाएवढा. बोटाच्या पेराला तेवढा भरपूर कळतो.

ही फळी रेझिन मुरवून स्टॅबिलाइज केलेली नव्हती, नुसतं तेल दिलेलं साधं लाकूड होतं, आणि कारागिराने ते ऑर्डरच्या वेळीच लिहून कळवलं होतं. भाच्याला लाकडाचा खरा स्पर्श हवा होता म्हणून त्यानेच ते निवडलेलं. तेव्हा याला दोष म्हणता येणार नाही.

पण लाकडाकडे बघताबघताच एक खरा दोष सापडला, जो यादीत नव्हता. पुढच्या बाजूला बोल्स्टर आणि फळी यांच्या सांध्यात एक काळपट रेघ होती. नुसत्या डोळ्यांना ती सावली वाटते. दहा पटीच्या भिंगाखाली दिसलं की ती फट आहे, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला ०.१५ मिमी उघडी, आणि तिच्यात सुपरग्लू आणि लाकडाचा भुसा मिसळून भरलाय. सुईच्या टोकाने टोकरलं तर काचेसारखा कण उडाला.

इथे हवामानाची सबब लागू होत नाही. लाकूड आडवं फुगतं-आकसतं, तंतूंच्या लांबीच्या दिशेत जवळजवळ हलत नाही. फळीचे तंतू मुठीच्या लांबीने धावतात, म्हणजे बोल्स्टरकडचा सांधा डिसेंबरात आणि ऑगस्टात सारखाच असायला हवा, आणि फोटोंवरून तो तसाच होताही. फळी कापतानाच तिरकी कापली गेली आणि मागाहून ती फट बुजवली. फट ०.१५ ची. पातं त्याच्या दुप्पट सरकलेलं. तरी मला फट जास्त लागली. वाकलेलं पातं कारागिराने झाकलं नव्हतं, कुणीही चाकू मिटून बघावं. फट झाकली होती. इन्स्पेक्शनमध्ये बसलेल्या माणसाला खराब वेल्डचा तेवढा राग येत नाही, वेल्डवर मारलेल्या रंगाचा येतो. मेजर.

लॉक

आता ती कौतुकाची ओळ.

लायनर लॉकची कल्पना जुनी आहे. १९०६ सालच्या एका अमेरिकन पेटंटपर्यंत तिचा माग लागतो. पण आज जो लायनर लॉक आपण ओळखतो, वेगळी स्टॉप पिन (उघडणारं पातं थांबवणारी खिळी) आणि डिटेंट बॉल असलेला, तो मायकेल वॉकर या कारागिराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवला. तत्त्व साधं. पातं उघडून स्टॉप पिनला टेकलं की लायनरचा वाकवलेला भाग आतल्या बाजूला उडी मारून पात्याच्या बुडामागे उभा राहतो. बुडाला तिथे सात-आठ अंशांचा उतार दिलेला असतो. लायनरचं तोंड त्या उतारावर पाचरीसारखं चढतं आणि पातं पिन आणि लायनर यांच्यात घट्ट धरलं जातं. आपली बोटं आणि धार यांच्यामध्ये तेवढाच काय तो अडसर.

वरवर बघता इथे सगळं ठीक होतं. लायनरच्या जाडीपैकी सुमारे एक तृतीयांश भाग बुडामागे आलेला, नव्या चाकूला हवा तितकाच. उघडताना खट्ट आवाज. सोडवताना मात्र लायनर चिकटायचा. भाचा त्याला ताकद समजत होता, आणि फारच चिकटला की शिसपेन्सिल घासायचा. ग्राफाइटने काही दिवस बरं वाटायचं. चिकटणं ही ताकद नव्हे. टायटॅनियमचा कडकपणा रॉकवेल सी ३६ च्या आसपास, समोर ६० चं पोलाद. टायटॅनियमला दाबाखाली दुसऱ्या धातूला चिकटायची खोडच असते. तोंड पूर्ण बसलेलं असेल तर दाब पसरतो. एका कोपऱ्यावर बसलेलं असेल तर तो कोपरा चेपतो, खरवडला जातो, चिकटतो.

टूलरूममध्ये दोन तोंडं कशी मॅच झालीत हे बघायला प्रुशियन ब्ल्यू, म्हणजे टेकेल तिथे उमटणारा निळा तेलकट रंग, लावतात. पातं परत बसवलं, बुडाच्या उतारावर बोटाने ब्ल्यूचा अगदी पातळ हात दिला, चाकू सावकाश उघडला, लायनर आपल्या ताणाने बसू दिला आणि पुन्हा खोलला. तोंडभर निळं उमटायला हवं, निदान खालच्या अर्ध्या भागात, कारण संपर्क पिव्होटपासून जितका लांब तितकं पातं कमी डुगडुगतं. उमटलं ते वरच्या कोपऱ्यात, पिव्होटच्या बाजूला, पिठाच्या कणाएवढ्या दोन-तीन ठिपक्यांत. बाकी तोंड कोरं. ठिपक्यांच्या जागी टायटॅनियम चकाकत होतं आणि आडव्या दिशेने ओढल्याच्या खुणा होत्या. तोंडाच्या कडा गोलसर. हे तोंड कारागिराने हातात धरून बेल्टवर घासलं असणार. मशीनवर सेट करून मारलेलं तोंड असं गोल येत नाही.

मग मूठ चामडं लावून व्हाइसमध्ये धरली, पात्याच्या पाठीवर पिव्होटपासून ७५ मिमीवर डायल (बारीक हालचाल मोजायचं साधन) लावला आणि स्प्रिंग काट्याने एक किलोचा जोर वर-खाली दिला. ०.३५ मिमी हालचाल, आणि मधे एक बारीकशी टिक. ती टिक म्हणजे ठिपका उतारावरून घसरून दुसऱ्या जागी बसल्याचा आवाज. हातात धरून ती जाणवत नव्हती, कारण चिकटल्यामुळे झाकली जात होती. ग्राफाइट पुसून काढल्यावर आणि ब्ल्यूने थोडं तेलकट झाल्यावर ती बाहेर आली.

पाठीवर दांड्याने ठोकून लॉक तपासायची एक रीत आहे. मला ती पसंत नाही. तिच्यात चांगला लॉकही बिघडतो आणि आकडा काही मिळत नाही.

भाच्याला निळे ठिपके भिंगातून दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी इतके महिने पात्याचे फोटो काढत बसलो होतो." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पण त्याचं तरी काय चुकलं? पातं झुकलेलं उघड्या डोळ्यांना दिसतं. लॉकचं तोंड बघायला चाकू खोलावा लागतो.

हा दोष क्रिटिकल ठरवायला मला वेळ लागला नाही. वापराने तो वाढत जाणार: ठिपके चेपले की लायनर आणखी आत सरकणार, मग आणखी, मग एक दिवस दुसऱ्या बाजूच्या लायनरला जाऊन टेकणार, आणि पाचर मारायला पुढे जागाच उरणार नाही. पाठीवर अवचित दाब आला, लाकडात टोक अडकलं आणि ते ओढून काढताना मनगट फिरलं, तर मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत चार बोटं असतात.

राहिलेल्या गोष्टी पटापट झाल्या. स्क्रूचं डोकं ०.१ मिमी वर. काउंटरसिंक, म्हणजे डोकं बसायचा खड्डा, थोडा उथळ, खिशाचा धागा अडकेल इतकंच. धारेच्या मागच्या टोकाशी दिसणारे चरे म्हणजे ६०० नंबरच्या पेपरमधून सुटलेल्या मोठ्या कणाने ओढलेल्या गळासारख्या रेघा. हाताने घासलेल्या फिनिशमध्ये कोपऱ्यात त्या राहतात, ८५० डॉलरच्या चाकूत राहू नयेत, पण त्यासाठी चाकू समुद्रापार धाडायची गरज नाही. मिटलेल्या चाकूवर बोट फिरवलं तर टोक कुठेही लागत नव्हतं. मिटताना धार मागच्या स्पेसरवर आपटत नव्हती. चाकू उलटा धरून झटकला तरी गोळीने पातं सोडलं नाही. कारागिराला येतं सगळं, हे यावरून कळतच होतं. लॉकच्या तोंडाशी त्याने घाई केली.

पत्र

भाच्याचा पहिला मसुदा दोन पानांचा होता, सुरुवात पात्यापासून, सूर वर्षभर वाट बघितल्याचा. मी त्याला तो क्रम उलटा करायला लावला. पहिल्या परिच्छेदात फक्त लॉक: ब्ल्यूचा फोटो, ०.३५ हा आकडा, कुठे आणि किती जोराने मोजला ते. दुसऱ्यात फट, भिंगातला फोटो, आणि एकच वाक्य, की ही भरलेली आहे हे विकताना सांगितलं नव्हतं. तिसऱ्यात पात्याचा वाक, तोही आकड्यासह, पण मागणी म्हणून नाही, माहिती म्हणून. स्क्रू, चरे, लाकूड यांचं नावही नाही. तक्रारी बारा लिहिल्या की समोरचा त्यातली सगळ्यात किरकोळ उचलून तिलाच उत्तर देतो. हा अनुभव सप्लायरशी पत्रव्यवहार केलेल्या कुणालाही विचारा.

पैसे परत मागायचे का, यावर आमचं एकमत झालं नाही. त्याचं म्हणणं, एवढ्या किमतीत वाकलेलं पातं का घ्यायचं? माझं म्हणणं, तुला चाकू ठेवायचाय की विकायचाय ते आधी ठरव. विकायचा असेल तर वाकाने भाव पडणार, मग भरपाई माग. ठेवायचा असेल तर नव्या पात्यासाठी आणखी काही महिने थांबायची तयारी आहे का? त्याला ठेवायचा होता आणि थांबायचं नव्हतं.

कारागिराचं उत्तर सभ्य होतं. टपालखर्च त्याने घेतला. लॉकबद्दल वाद घातला नाही, फोटो बघून कळलं म्हणाला. फटीबद्दल लिहिलं की फळ्यांची ती जोडी एकाच ठोकळ्यातून पुस्तकासारखी उघडून कापलेली, एक बदलली तर दोन्हींची नक्षी जुळणार नाही, म्हणून बदलायचा जीव झाला नाही. कारण खरं असावं. ते आधी सांगितलं असतं तर भाच्याने हसत हो म्हटलं असतं.

दुरुस्ती अशी झाली. लायनरचं तोंड त्याने फिक्स्चरमध्ये धरून नव्याने सपाट मारलं आणि त्यावर विजेच्या ठिणगीने कार्बाइडचा पातळ थर चढवला. त्याने तोंड कडक होतं आणि चिकटत नाही. पण तोंड मारलं की लायनर आखूड होतो आणि बुडामागे जास्त आत जातो, म्हणजे नव्या चाकूतच लॉक निम्मा झिजल्यासारखा. त्याला उपाय स्टॉप पिनचा. पिन थोडी जाड घातली की पातं उघडताना अंमळ आधी थांबतं, बुडाचा उतार तेवढा मागे राहतो आणि लायनर पुन्हा लवकर अडतो. मूळ पिन ४.०० मिमीची होती, नवी ४.१० ची आहे. फटीतला गोंद त्याने साफ केला, दोन्ही फळ्यांची टोकं सरळ करून घेतली आणि बोल्स्टर व लाकूड यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना काळ्या फायबरची पातळ पट्टी घातली. त्यामुळे नक्षीची जोडी टिकली आणि पट्टी मुळातच डिझाइनमध्ये होती असं वाटतं. मेलमध्ये त्याने काय केलं ते सगळं लिहिलं, त्यामुळे या वेळी मला काही खुपलं नाही.

चाकू परत आल्यावर भाच्याने तिकडेच एका मशीन शॉपमधून ब्ल्यू आणून फोटो पाठवला. निळं तोंडाच्या खालच्या दोन तृतीयांश भागात सलग उमटलेलं आहे. डायल त्याच्याकडे नाही, पण हाताने हलवून टिक येत नाही, आणि अंगठ्याने लायनर चिकटल्याशिवाय सुटतो. "सैल वाटतं रे मामा," असं त्याने आधी लिहिलं होतं. आठवड्याने त्याला त्याची सवय झाली.

आता त्याला इतकंच सांगितलंय की लायनर बुडामागे किती आलाय याचा फोटो दर सहा महिन्यांनी एकाच कोनातून काढून ठेव. सुरुवातीला थोडा सरकून तो थांबला पाहिजे. आणि चाकूच्या पाउचमध्ये एक चिठ्ठी ठेवायला लावली आहे: स्टॉप पिन ४.१०, मूळ ४.००, पातं ०.३ वाकलेलं. उद्या चाकू दुसऱ्याच्या हातात गेला आणि त्याने पिन हरवली, तर तो हमखास ४ ची घालेल.